काहीच नसलेली जागा

१

बारकी सेहेचाळीस वर्षांची झाली तरी सगळ्यांसाठी बारकीच राहिली. लहानपणी काटकुळी होती म्हणून हे नाव पडलं. पुढे अंग भरलं, केस पिकले, चष्मा लागला, पण नावाने काही पिच्छा सोडला नाही. जुन्या व्हिडिओ कॅसेट्स स्वच्छ करून द्यायचं तिचं आणि तिच्या मोठ्या भावाचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दादा बसायचा, कारण त्याला गोड बोलता यायचं. मागच्या खोलीत दोन पडद्यांसमोर बारकी बसायची, कारण तिला गोड बोलता यायचं नाही आणि खोटं तर त्याहून नाही.

गिऱ्हाईक आलं की दादा एकच वाक्य ऐकवायचा. "एका फेरीत सगळं जात नाही हो. थोडं थोडं करून जातं." मागच्या खोलीत बारकीला ते दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं, आणि दहाही वेळा ती मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणायची.

जायचं ते म्हणजे मुंग्या. जुन्या चित्रावर ज्या वळवळत असतात त्या. सॉफ्टवेअरला आधी मुंग्यांची ओळख करून द्यावी लागते. चित्रातली अशी जागा शोधायची जिथे काहीच नाही, कोरी भिंत म्हणा, आभाळ म्हणा. तिथे चौकट आखायची आणि सांगायचं, बाबा रे, ही नुसती घाण आहे, नीट बघून ठेव, आणि जिथे जिथे दिसेल तिथून काढ. याला दुकानात 'नमुना' म्हणत. पूर्वीचं सॉफ्टवेअर नुसतं पुसायचं. दोन वर्षांपूर्वी दादाने एआयवालं नवं आणलं. ते पुसतं आणि पुसलेल्या जागी काय असायला हवं होतं ते आपल्या अंदाजाने भरतंही. भिंतीचा पोपडासुद्धा असा भरतं की खऱ्या भिंतीला लाज वाटावी.

बारकीची एक खोड होती. काम झालं की जे काढून टाकलं तेवढंच वेगळं लावून बघायचं. चहा गाळल्यावर गाळणीत उरतो तो चोथा बघावा तसं. तिने त्याला नावच चोथा ठेवलं होतं. चोथ्यात नुसती राखाडी वळवळ दिसली पाहिजे. एखाद्याच्या नाकाची कड किंवा पदराचा काठ तिथे दिसला तर समजायचं, मुंग्यांबरोबर माणूसही पुसलं जातंय. दादाला हे फालतू वाटायचं. चोथा बघत बसणारी माणसं चहा कधी पितात, असं तो म्हणायचा.

तर अशी ही बारकी डाव्या पायाचं हाड मोडून सात आठवडे घरी पडली होती आणि सोमवारी काठी टेकत दुकानात परत आली.

२

सकाळी अकराला आईला व्हिडिओ कॉल. यात खंड नाही. प्लास्टरमध्ये होती तेव्हाही नाही.

आई दादाकडे राहायची. अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं आणि डोक्यातून एकेक जण निघून चालला होता. आधी शेजारी गेले, मग मावश्या, मग एक दिवस बाबासुद्धा, ज्यांच्याबरोबर तिने एकेचाळीस वर्षं काढली. वहिनीला ती कधी कधी नर्स समजायची. बारकी मात्र अजून होती. "माझी बारकी" म्हणून आई हाताचा पंजा पसरायची आणि बारकी दुसऱ्या टोकाला आपला पंजा पडद्याला लावायची. बारकीला नवरा नव्हता, मूल नव्हतं. आईच्या डोक्यात आपली जागा शिल्लक आहे, एवढी एकच मिळकत तिच्याकडे होती आणि त्या मिळकतीवर तिचा फार जीव होता.

आईला चेहरे नीट दिसावेत म्हणून दादाने तिच्या खोलीत मोठा पडदा लावला होता. तो दुकानातल्या सॉफ्टवेअरलाच जोडलेला. म्हणजे आईच्या पडद्यावर जे काही येईल ते स्वच्छ होऊनच येईल. पोरगा असावा तर असा, असं बारकीनेच चार जणांना सांगितलं होतं.

गेल्या काही आठवड्यांत आई कॉलवर पंजा पसरत नव्हती. पडद्याकडे बघायची, पण कार्यक्रम सुरू व्हायची वाट बघणारी माणसं बघतात तशी, हात मांडीवर ठेवून, शांतपणे.

"आई, जेवलीस का?" सोमवारी बारकीने विचारलं.

आई वहिनीकडे वळली. "लाव ना गं. सुरू नाही झालं अजून."

"झालंय की आई. बोला ना," वहिनी म्हणाली, आणि पडद्याकडे न बघता उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

"डोळे गेलेत तिचे," दादा नंतर म्हणाला. "डॉक्टरांना दाखवू." बारकीने मान डोलावली. डोळेच असणार, दुसरं काय.

३

पोहण्याच्या एका मास्तरांची कॅसेट आली होती. तीस वर्षांपूर्वीची शर्यत, तलाव, शिट्ट्या. बारकीने ती स्वच्छ केली, उत्तम झाली. पाणी असं निळं की बोट बुडवावंसं वाटेल. मग सवयीने तिने चोथा लावला.

राखाडी वळवळीत, खाली उजव्या कोपऱ्यात, एक फ्रॉक दिसला.

तिने चष्मा पुसला. फ्रॉक, त्याखाली दोन पाय, वर डोक्याच्या जागी थोडा गडद गोळा. एक लहान मुलगी उभी होती. बारकीला वाटलं, झालं, काठावरची कुणाची तरी पोरगी पुसली गेली. तिने मूळ चित्र लावून पाहिलं. त्या जागी काठ नव्हताच. तिथे पाणी होतं, तलावाच्या बरोबर मधलं, आणि पाण्यात कुणी नव्हतं.

म्हणजे चित्रात जे नव्हतंच ते काढलं गेलं होतं.

बारकी घाबरट नव्हती. तिने सरळ हिशेब मांडला. नमुन्यातच काहीतरी असणार. नमुना घेताना चौकट कोऱ्या भिंतीवर पडली नसेल, एखाद्या आकृतीवर पडली असेल. मग सॉफ्टवेअर ती आकृती घाण म्हणून शिकणार, आणि प्रत्येक कॅसेटमधून ती वजा करत बसणार. ओल्या कपाचा गोल टेबलावर उमटतो, तसा तिचा ठसा चोथ्यात उमटणार. चूक झाली, चूक सापडली, विषय संपला.

दुपारी तिने बेकरीवाल्या बाईंची कॅसेट लावली. दुकानाचं उद्घाटन, गर्दी, ट्रेमधले पाव. चोथ्यात मुलगी होतीच, त्याच कोपऱ्यात. पण तिची एक लांब वेणी खांद्यावरून पुढे आलेली होती आणि फ्रॉक गुडघ्यांच्या बराच वर चढला होता. सकाळी होती त्यापेक्षा मोठी झाली होती.

ठसा वाढत नाही. कपाचा गोल दुपारी ताटाएवढा होत नाही.

बारकीने चित्र थांबवून जवळ जाऊन बघितलं. मुलीचा डावा पाय आत वळलेला होता. अंगठा उजव्या टाचेकडे. तिने खाली, टेबलाखाली पाहिलं. तिचा स्वतःचा डावा पाय, आताच हाड जुळलेला, तसाच आत वळून बसला होता. पाय सरळ ठेव गं, म्हणून आईने त्यावर किती फटके दिले असतील.

"अजून चोथाच का?" दारातून दादाने विचारलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, आणि पटकन हातातल्या पावतीपुस्तकाकडे पाहिलं. "फेकायची वस्तू ती. कशाला जीव लावतेस."

४

घरच्या कॅसेट्स दादाने तिच्या आजारपणात एकट्यानेच स्वच्छ केल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईला जुनं दाखवत जा. बारकीने त्या पाहिल्या नव्हत्या. बुधवारी दादा जेवायला घरी गेला, तेव्हा तिने पहिली उघडली.

नव्या घरात राहायला गेले तो दिवस. बाबा कॅमेरा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतायत. रिकाम्या खोल्या, गुंडाळलेल्या गाद्या, उंबरठ्यात बसून भांडी मोजणारी आई, ताठ, काळ्याभोर केसांची. बारकीला तो दिवस पाठ होता. खिडकीची खोली दादाला मिळाली म्हणून ती नऊ वर्षांची बारकी अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन फुगून उभी राहिली होती, आणि मग दादाने तिची समजूत काढायला चेंडू आणला होता.

पडद्यावर दादा चेंडू घेऊन आला. तेरा वर्षांचा, गुडघ्यावर पट्टी. त्याने कोपऱ्याकडे चेंडू टाकला.

कोपऱ्यात भिंत होती. सुंदर, स्वच्छ, चुन्याची भिंत, तिच्यावर खिडकीतून आलेल्या उजेडाची तिरकी पट्टी. चेंडू तिथपर्यंत गेला, जमिनीपासून हातभर उंचीवर क्षणभर थांबला आणि परत आला. दादाने झेलला, हसला, पुन्हा टाकला. चेंडू पुन्हा थांबला. पुन्हा आला.

"बघ की जरा इकडे," बाबांचा आवाज म्हणाला. मग जेवढा वेळ एखादी रुसलेली पोर मान वळवायला घेईल, तेवढा वेळ कॅमेरा त्या भिंतीवर थांबून राहिला. "शहाणी माझी," बाबा भिंतीला म्हणाले.

बारकीने दुसरी कॅसेट उघडली, तिसरी उघडली. समुद्रावर चौघांऐवजी तिघं. शाळेच्या दारात दादा एकटा, हात बाजूला धरलेला, मूठ अर्धवट मिटलेली. आईच्या मांडीवर कुणी नाही, आणि आई त्या 'कुणी नाही'ला थोपटतेय.

तिला रडू आलं नाही. कुणीतरी तोंडात मारावी तसा तिचा गाल गरम झाला.

५

नमुना उघडायला दोन मिनिटं लागली. चार बोटांएवढी काळपट चौकट. तिने उजेड वाढवला. अंधाऱ्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, फ्रॉक घातलेली, डावा पाय आत वळवलेली नऊ वर्षांची बारकी तिच्याकडे बघत होती. खाली तारीख होती, प्लास्टर घातल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली. आणि शेजारी खूण होती: हाच नमुना सगळ्या कामांना लावा. दर कॅसेटला नवा नमुना घ्यायचा आळस म्हणून दादा नेहमी असं करायचा.

दादा परत आला. तिने त्याला पुढच्या खोलीतच गाठलं. दुकानात कुणी नव्हतं.

"हा नमुना कुणी घेतला?"

दादाने चप्पल काढली, मग पुन्हा घातली. "बस आधी. पाय दुखेल."

"दादा."

"आईने घेतला," तो म्हणाला. "म्हणजे चौकट मी आखली. बोट तिने ठेवलं."

बारकी बसली.

"ती घाबरायला लागली होती गं. कॅसेट लावली की म्हणायची, ही पोर कोण, रोज येऊन कोपऱ्यात उभी राहते, माझ्याकडे बघते. मी सांगितलं, आई, बारकी आहे. तर म्हणे, बारकीबिरकी कुणी नाही, काढा तिला. दोन दिवस जेवली नाही. मग मी म्हटलं, तिला कामात घ्यावं, बरं वाटेल. विचारलं, आई, या चित्रात काहीच नसलेली जागा कुठली, दाखव. तिने बरोबर तिथे बोट ठेवलं."

"आणि तू आखलीस चौकट."

"हो."

"मी दिसत होते तुला तिथे?"

दादाने पावतीपुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"त्या दिवसापासून शांत झोपते ती," तो म्हणाला. "तू पडून होतीस. कशाला तुला त्रास. आणि तू तर आहेसच की इथे, धडधाकट. पडद्यावरची गेली तर काय बिघडलं?"

"मूळ कॅसेट्स कुठायत?"

"बुरशी लागली होती गं."

"कुठायत?"

"टाकल्या."

तो खरंच वाईट वाटून बोलत होता, हेच बारकीला सहन होईना. शत्रूने केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. हा तोच, ज्याने कोपऱ्यात चेंडू टाकला होता. आईचं तर डोकं ठिकाणावर नव्हतं, पण याचं होतं. याने आईची झोप आणि बहीण अशी दोन्ही समोर ठेवून, नीट विचार करून, एक उचलली होती.

"रोज अकराला मी बोलत होते," ती म्हणाली. "सहा आठवडे. तिला रिकामी खुर्ची दिसत होती, आणि तुम्हा दोघांना माहीत होतं."

"आवाज जात होता की तुझा," दादा म्हणाला.

६

तिने नमुना पुसला. कचऱ्याच्या फाइलीतूनही पुसला, दोनदा खात्री केली. कोऱ्या आभाळाचा नवा नमुना घेतला आणि तपासायला म्हणून पोहण्याच्या मास्तरांची शर्यत पहिल्यापासून चालवली. मग चोथा लावला.

राखाडी वळवळ. बराच वेळ नुसती वळवळ. तिचा जीव भांड्यात पडायला आला होता, तेवढ्यात उजव्या कोपऱ्यात खुर्चीची पाठ दिसली. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं, पाठमोरं, पुढे वाकून. खांद्यावर स्वेटर होता. खुर्चीला काठी टेकलेली होती.

बारकीने मागे वळून पाहिलं नाही. हात लांब करून बटण दाबलं आणि पडदा बंद केला. शंभर कारणं असू शकतात, ती स्वतःला म्हणाली. जुना नमुना कुठेतरी आत शिल्लक असेल. एआय काय, शिकलेलं लवकर विसरत नाही. त्यात काठी कशी आली, या प्रश्नापाशी तिने जाणूनबुजून विचार थांबवला.

एक गोष्ट दादाच्या लक्षात आली नव्हती. तो चोथा कधी बघत नसे, त्यामुळे तो पुसायचंही त्याला सुचत नसे. घरच्या कॅसेट्सचा चोथा संगणकात तसाच पडून होता. तिने तो उघडला. त्यात खोली नव्हती, आई नव्हती, बाबा नव्हते. राखाडी वळवळीत फक्त ती होती, नखशिखांत. फुगलेले गाल. मग हात पुढे झाले, न दिसणारा चेंडू तिने झेलला, परत टाकला, आणि रुसवा विसरून हसली. जगात आता ती एवढीच उरली होती, पण इथे अख्खी होती.

हे आईला दाखवायचं, असं ठरवून तिने तो चोथा पेनड्राइव्हवर घेतला. भिंत नाही, घर नाही, काही नाही. नुसती बारकी. आई तिला ओळखेल. ओळखायला दुसरं काही त्यात नव्हतंच.

७

दुपारचे चार वाजले होते. वहिनीने दार उघडलं, आधी तिच्या मागे जिन्यात पाहिलं, मग म्हणाली, "या ताई. मला वाटलं वाऱ्याने वाजलं."

आईच्या खोलीत उजेड होता. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, चेहरा भरलेला. दादा म्हणाला ते खरं होतं, तिला झोप लागत होती. बारकीने पडद्याची सॉफ्टवेअरकडे जाणारी वायर उपसून काढली आणि पलंगाजवळच्या खुर्चीत बसली. इतक्या जवळ की गुडघा आईच्या पांघरुणाला लागत होता.

"आई, मी आलेय. बारकी."

आईने कपाळाला आठी घातली. "खिडकी लाव गं," ती वहिनीला म्हणाली. "खरखर येतेय."

वहिनीने खिडकी लावली. मग बाहेर गेली आणि ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन आली. एक आईजवळ ठेवला, एक स्वतःला, एक दाराजवळच्या स्टुलावर, कारण जिन्यात दादाची पावलं वाजत होती. वहिनी विसराळू आहे, बारकीने मनाशी म्हटलं. पहिल्यापासून विसराळू आहे.

तिने चोथा लावला.

पडदा राखाडी वळवळीने भरला आणि त्यात मुलगी आली. मान वळवली, हात पुढे केले, झेलला, टाकला, हसली. आई टक लावून बघत होती. तिचे ओठ हलले. हळूच पांघरुणातून तिचा हात बाहेर आला आणि पंजा पसरला गेला, पूर्वीसारखा, पाचही बोटं.

"आई," बारकी म्हणाली. तिने आपला पंजा उचलून आईच्या पंजाला लावला. आईचा हात ऊबदार होता. आईने आपलाच हात नाकासमोर धरला, उलटसुलट करून पाहिला, आणि कोळिष्टक लागावं तसा पांघरुणाला पुसला.

चोथा संपला. पडदा काळा झाला आणि काळ्या पडद्यात सगळी खोली दिसायला लागली, पलंग, ट्रे, दारात येऊन उभा राहिलेला दादा. बारकीने तिकडे पाहिलं नाही. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

आईनेही मान वळवली. ती बराच वेळ खुर्चीकडे डोळे बारीक करून बघत होती. मग तिने बोट उचललं, बारकीच्या गालाच्या अगदी जवळ आणलं, आणि तक्रारीच्या नव्हे, नुसत्या थकलेल्या आवाजात मुलाला विचारलं, "या खुर्चीतलं अजून नाही का रे गेलं?"

बारकीने दादाकडे पाहिलं. तो आता तरी सांगेल, आई, ही बारकी आहे. त्याने तिच्याकडे पाहिलं होतं, तिची खात्री होती, निदान क्षणभर तरी पाहिलं होतं. मग त्याने स्टुलावरचा चहा उचलला.

"जाईल आई," तो आपल्या दुकानातल्या गोड आवाजात म्हणाला. "एका फेरीत सगळं जात नाही. थोडं थोडं करून जातं."